उड्या मारून शिकलेली अक्षरं

मला जी चार अक्षरं येतात ती आमच्या पहिलीच्या बाईंची देणगी. आणि सबंध पाथर्डी तालुक्यात त्यांच्याइतका वेळ जमिनीपासून वर राहिलेला माणूस दुसरा नसेल. बाई बसून शिकवताहेत असं कुणी कधी पाहिलं नाही. शाळेच्या अंगणात मैदान आखायच्या फक्कीनं हातभर मोठी अक्षरं काढायच्या, पदर खोचायच्या आणि पहिली उडी स्वतः मारायच्या. 'स'वर पडलं की सापासारखं स्स्स करायचं, 'फ'वर चूल फुंकायची, 'र'वर ट्रॅक्टर चालू करायचा. चौथीची मुलं पाढे सोडून खिडकीला लोंबकळायची. त्यांचे गुरुजी एकदा तक्रार घेऊन आले, तर बाईंनी त्यांनाच 'ड'वर उभं केलं. डमरू वाजवूनच ते परत गेले. माझ्या आजीनं विचारलं, "बाई, पोरगं शाळंत धाडलंय का तालमीत?"

"तालमीतच. दसरा जवळ आलाय."

ही घाई उगाच नव्हती. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं, उन्हाळ्यात परतायचं, आणि शिकलेलं सगळं फडातच सांडून यायचं. त्या वर्षी मला आवाज सगळे येत होते, पण त्यांचा शब्द होत नव्हता. प्रत्येक अक्षरावर मी मुक्कामच करायचो.

निघायच्या सकाळी ट्रॉलीत भांडी, शेळी, आई सगळं चढलं होतं. तेवढ्यात बाई धापा टाकत आल्या आणि त्यांनी ट्रॅक्टरसमोरच मातीत दोन अक्षरं ओढली.

"बाई, गाडी निघायलीय," मुकादम म्हणाला.

"निघू द्या की. पण ह्याचा शब्द घेऊन."

मी 'ऊ'वर उडी मारली, थांबलो. पुन्हा मारली, पुन्हा थांबलो. मग बाईंनी माझा हात धरला आणि आम्ही दोघांनी अशी झेप घेतली की मध्ये थांबायला जागाच उरली नाही. ऊस! ट्रॉलीतली माणसं खदखदून हसली, आईनं पदर तोंडाला लावला. बाई म्हणाल्या, "बापानं तोडायचा. तू वाचायचा."

फडावर मोकळी जागा भरपूर होती. पाचटानं शाकारलेल्या आमच्या कोपीसमोर काठीनं अक्षरं काढून मी हंगामभर उड्या मारल्या, एकही सांडू दिलं नाही.

घरातला पहिला पदवीधर झालो, त्या दिवशी पत्र टाकलं:

"ती. बाईंना साष्टांग नमस्कार. बी.ए. झालो. प्रमाणपत्रावरचं नाव वाचताना पाय जाग्यावर राहिले नाहीत, ते देणारे साहेब बघत होते. तुमचे गुडघे फार दुखतात, असं आईनं सांगितलं. हे पत्र बसूनच वाचा. तुमच्या वाटच्या उड्या मी इथं मारून घेतल्यात."