मंगळ कवच

ब्राह्मी मगदूमच्या पत्रिकेत मंगळ नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भागात अजूनही निम्म्या लोकांना वाटतं की तिला कडक मंगळ होता, त्यापायी तिचं लग्न राहिलं आणि त्याच रागानं ती मंगळाच्या हात धुऊन मागे लागली. लोकांना काय, जिभेला हाड नाही.

ती दुधगावच्या जिनदत्त मगदुमांची थोरली मुलगी. घरी ऊस आणि हळद. पुण्यात फिजिक्समध्ये पीएच.डी. करून ती इस्लामपुरात आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आली. कायम कुणी करत नव्हतं, जा म्हणून कुणी सांगत नव्हतं. मी तिथंच मराठी शिकवते. माझं बोलणं तिखट आहे असं स्टाफरूममध्ये म्हणतात. म्हणोत.

ब्राह्मीचा विषय होता मंगळाचं कवच, म्हणजे त्या ग्रहाची वरची दगडी साल. एका यानानं मंगळावर नेऊन भूकंप टिपणारं यंत्र ठेवलं होतं. ते कधीच बंद पडलं, पण त्याच्या नोंदी जगात कुणालाही बघता येतात. त्या उतरवून घेऊन ही पोरगी तास संपले की लॅबच्या कोपऱ्यात बसायची. मी एकदा विचारलं, "इथं बसून तिथली साल किती जाड, ते कसं गं कळतं?"

"शालनताई, कलिंगड घेताना तुम्ही टिचकी मारून बघता ना?" ती म्हणाली. "तसंच. तिथली जमीन हलली की लाटा आत जातात, कवचाच्या तळाशी आपटून त्यातल्या काही उशिरा वर येतात. किती उशिरा, त्यावरून जाडी काढायची. फक्त टिचकी आपल्या हातात नसते. आणि आपल्या कोयनेला हललं तर दहा ठिकाणी नोंद होते. मंगळावर यंत्र एकच. एका कानानं ऐकायचं."

हे सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की मला तिचा हेवा वाटायचा. मी तीस वर्षं अलंकार शिकवले, माझा चेहरा एकदाही तसा झाला नसेल.

तिचा शोधनिबंध परदेशात छापून आला आणि आमचे प्राचार्य हंबीरराव जागे झाले. त्यांनी आकाराम नावाच्या वार्ताहराला बोलावलं. ब्राह्मीनं त्याला कलिंगडापासून सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा: 'इस्लामपूरच्या प्राध्यापिकेने शोधले मंगळ कवच'.

षष्ठीचा एक प्रत्यय गळला आणि घात झाला. मंगळाचं कवच ही दगडाची साल. मंगळ कवच हे स्तोत्र. पत्रिकेत मंगळ असला की पीडा टळावी म्हणून ते म्हणतात. शाळेत 'भूकवच' घोकून पास झालेली माणसं ही, पण पोरीच्या लग्नाची गोष्ट निघाली की भूगोल गुंडाळून ठेवतात.

पुढच्याच मंगळवारपासून लोक यायला लागले. म्हसवडपासून माणसं आली. हातात पत्रिका, सोबत मान खाली घातलेली मुलगी. ब्राह्मी प्रत्येकाला खुर्ची द्यायची, मंगळाचे फोटो दाखवायची, म्हणायची, "हा एक दगड आहे. कोट्यवधी मैल लांब आहे. तो तुमच्या मुलीला काही करू शकत नाही." ते मन लावून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "ते खरंच हो मॅडम, पर उतारा काय?" पालथ्या घड्यावर पाणी.

हंबीररावांनी लॅबबाहेर बाक टाकलं. "बसू द्या की लोकांना. कॉलेजचं नाव होतंय." मी त्यांना तोंडावर म्हटलं की मग पाटीवर कॉलेज कशाला, मठ लिहा. ते हसले. पण ब्राह्मी हसली नाही. तिनं मला एकच सांगितलं, "ताई, मी उतारा देणार नाही. माझ्याकडे दुसरं काही नाही, हे काम आहे. त्याला मी गंडा-दोऱ्याचा वास लागू देणार नाही." दिवाळी झाली, संक्रांत झाली, तिनं शब्द राखला. लोक चिडून जायचे. एकानं तर सुनावलं, "शिकल्यावर मानसाला दयामाया ऱ्हात न्हाई."

मग उंब्रजची राहीबाई आली. नवरा केरबा, फौजेतून रिटायर झालेला, हातात टोपी धरून मागे उभा. मुलगी क्रांती, सावळी, उंच, कणखर. आणि सोबत मुलाकडचे भाऊसो, होणारे सासरे. मुलगाही फौजेत, रजा थोडीच उरलेली. मंगळावरून क्रांतीची स्थळं मोडत आली होती. हे एकच भाऊसोंमुळे टिकलं होतं, तेही एका अटीवर: मंगळाच्या मॅडमनी स्वतः सांगायचं.

"आवं मॅडम, एक शबूद टाका," राहीबाई म्हणाली. "लय दारं पुजली आमी. पोरगी घरात बसलीय, लोकं तोंडावर बोलत्यात." आणि तिनं वाकून ब्राह्मीचे पाय धरले.

ब्राह्मी झटकन मागे सरली. नेहमीचं सांगू लागली, दगड, कोट्यवधी मैल, तिथले हादरे. भाऊसो छताकडे बघत होते. तेवढ्यात क्रांती संगणकाकडे बोट करून म्हणाली, "मॅडम, तिथं हादरं कशानं बसत्यात?"

इतक्या महिन्यांत बाकावरच्या कुणीही त्या दगडाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. ब्राह्मी तिच्याकडे बघतच राहिली. मी शेजारी होते, मला दिसलं ते सांगते: तिला त्या पोरीची माया आली. इतकी हुशार मुलगी एका दगडापायी घरात कुजणार, असं तिच्या मनात आलं असणार. तिनं क्रांतीच्या डोक्यावर हात ठेवला आणि भाऊसोंना म्हणाली, "मंगळ हिला काही करणार नाही. मी सांगते."

बस, एवढंच. यात खोटं एक अक्षर नव्हतं. हेच ती रोज सांगायची, आज फक्त पुढचं मागचं गाळलं आणि हात डोक्यावर ठेवला. राहीबाई हमसाहमशी रडली. भाऊसोंनी नमस्कार केला. क्रांती तेवढी काही बोलली नाही. आम्हाला वाटलं, लाजली.

लग्नाला आम्हा दोघींना गाडी पाठवून नेलं. मांडवात शिरताच माईकवरून पुकारा झाला, "मंगळ उतरवणाऱ्या मॅडम आलेल्या आहेत!" शाल, श्रीफळ, टाळ्या. ब्राह्मी मेल्याहून मेल्यासारखी झाली. तरी मला म्हणाली, "जाऊ दे ताई. पोरीचं भलं झालं."

आम्ही नवरीच्या खोलीत गेलो. क्रांती मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती. आम्हाला बघून तिनं बाकीच्या बायकांना बाहेर जायला सांगितलं.

"मॅडम," ती म्हणाली, "पोलीस भरतीचं ग्राउंड झालं हुतं माझं. लेखी तेवढी ऱ्हायली हुती."

"मग दे की. लग्न झालं म्हणून काय झालं?"

"सासरे न्हाई म्हनल्यात. आमच्या घरात बाई वर्दी घालत न्हाई म्हनं." ती रडत नव्हती, म्हणून जास्त लागत होतं. "आजवर मंगळ हाय म्हनून तर आई जाऊ द्यायची पळायला. म्हनायची, हिला कोन करतंय, भरती हुईल तर हू दे. तुमी आल्या अन् मंगळ काढून घेतला."

ब्राह्मी तिच्या पाटाजवळ खाली बसली. "तू तिथं बोलली का नाहीस गं?"

"तुमी मला कवा इचारलं?"

बाहेरून तिचा मामा तिला न्यायला आला. ती उठली, पदर सावरला आणि त्याच्यामागून गेली. मंगलाष्टकं सुरू झाली. मांडवात कुणीतरी आमच्या हातांवर अक्षता ठेवल्या, आणि सगळ्यांनी टाकल्या तेव्हा आम्हीही टाकल्या.