काट्यावर चालणारं हेलिकॉप्टर

आमच्या शेडमधले किस्से म्हणजे उसाचा खोडवा. एक तोडून सांगितला की बुडातनं दुसरा फुटलेला असतोच.

शेड म्हणजे माळेगावच्या रस्त्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्याच्या मागची पत्र्याची खोली. तिथं तीन स्क्रीन, भंगारातल्या जीपची सीट आणि घरी वेल्डिंग केलेले पेडल जोडून मी हेलिकॉप्टरचा सिम्युलेटर उभा केला. बूड जमिनीवरच, पण समोर अख्खं उजनी धरण दिसतं. उडवणारे आम्ही तिघं. मी, साखर कारखान्यात क्रेन चालवून रिटायर झालेले तात्या, आणि काटेवाडीत भाजीच्या रोपांची नर्सरी चालवणाऱ्या सुनंदावहिनी.

*

पहिल्याच दिवशी तात्या हवेत असताना जीपीएसचा नकाशा बंद पडला. आता म्हाताऱ्यानं कुठं जायचं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मी त्यांना रेडिओचा काटा दाखवला. जमिनीवरचं स्टेशन सिग्नल सोडतं आणि काटा त्या दिशेला वळतो, एवढंच.

तात्यांनी मान हलवली. "ट्रान्झिस्टर फिरवून फिरवून बातम्या लावायचो, त्यातलंच हाय की."

त्या दिवसापासून त्यांनी नकाशाच्या स्क्रीनवर टॉवेल टाकला.

*

काट्याच्या मागं नुसतं धावलं की वारा फसवतो. तात्या इंदापूरहून सरळ निघाले, पण आडवा वारा ढकलत राहिला आणि ते गोल फिरून भलत्याच उसावर आले. वहिनींचं माहेर पळसदेवचं, वडील मासेमारीवाले. त्या म्हणाल्या, नाव पलीकडं न्यायची तर तोंड वाऱ्याकडं थोडं वळवून धरायचं, इथंही तसंच करू. त्यांनी नाक वाऱ्याकडं धरलं आणि नीट स्टेशनच्या डोक्यावर आल्या. डोक्यावरून पुढं गेल्याबरोबर काटा गर्रकन फिरून शेपटीकडं गेला.

तात्यांना ते दोन दिवस पचलं नाही.

*

वहिनींचे धाकटे दीर एकदा शेडच्या दारात येऊन उभे राहिले. रोपं सुकतायत आणि घरची बाई खेळण्यातली हेलिकॉप्टरं उडवते, गाव हसतंय, असं बरंच बोलले. वहिनींनी पेडलवरचा पाय काढला नाही.

"रोपांना पाणी घालून आलीय. सकाळपास्नं नर्सरी माझी, ही संध्याकाळ बी माझीच. बसून बघणार असशील तर बस."

दीर बसले. पाळी आल्यावर त्यांनी हेलिकॉप्टर सरळ कारखान्याच्या धुराड्यात घातलं. हल्ली गावात कुणी हसलं, तर तेच भांडतात.

*

आम्ही ऑनलाइन एका ग्रुपमध्ये आहोत. पुण्याचे एक साहेब त्याचे प्रमुख. काट्यावर उडणं आता जुनं झालं, जीपीएस चालू ठेवलं नाही तर शोधमोहिमेच्या सरावात घेणार नाही, असा त्यांचा निरोप आला. मी वैतागलो. तात्यांनी जीपीएस चालू केलं आणि वर टॉवेल टाकला.

"चालू ठेवा म्हनलाय. बघा म्हनला न्हाय."

*

तो सराव असा, मार्क साहेबांच्या हातात. उजनीत एक नाव भरकटलीय, वर दाट धुकं. नाव शेवटची जिथं दिसली तो ठिपका सगळ्यांच्या नकाशावर होता. सगळे तिथं घिरट्या घालत होते. खाली नुसतं पाणी. नाव केव्हाच वाहून गेली होती. पण नावेवरच्या माणसाकडं एक छोटा रेडिओ होता, तो सिग्नल सोडत होता.

आमच्याकडून वहिनी उडवत होत्या. त्यांचा काटा ठिपक्याच्या उलट्या बाजूला, पळसदेवकडं वळला होता. तेवढ्यात हेडफोनवर साहेबांनी हुकूम सोडला, दिसत काही नाही, सगळ्यांनी परत फिरा. बाकीचे फिरले. वहिनी काट्याच्या दिशेनं निघाल्या. मी म्हणालो, वहिनी, ग्रुपमधनं काढतील. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

धुक्यात काही दिसेना. काटा मात्र हलत होता, त्या नाक वाऱ्याला धरून तेवढंच बघत होत्या. अचानक काटा शेपटीकडं फिरला. त्यांनी वळून वेग कमी केला, हळूहळू खाली उतरल्या. पाण्यावर काळी नाव दिसली आणि तीत हात हलवणारा माणूस.

तात्या उठून उभे राहिले. हेडफोनवर साहेब संतापले होते. हुकूम मोडला, तुमचे सगळे मार्क कापतोय, असं म्हणत होते.

वहिनींनी दोर खाली सोडला.

"कापा," त्या म्हणाल्या. "पन आधी त्येला वर घेऊ द्या."