कोंडाजीचे जोडलेले हात

धोंडाबाईला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. तव्यावर भाकरी टाकली की ती दारात, दारातून गोठ्यात. चौतीस साली नवऱ्याला, कोंडाजीला, सहा महिन्यांची शिक्षा होऊन येरवड्याला नेलं, तेव्हा तर तिच्या पायाला भिंगरीच लागली.

आळ सागाच्या चोरीचा. सरकारी जंगलातले वासे त्यांच्या गोठ्यामागे सापडले. कुणी टाकले, देव जाणे. कोंडाजीने मात्र वडगावच्या कोर्टात उभं राहताच हात जोडले आणि म्हणाला, "चुकलं माजं, सायेब, पदरात घ्या." त्यांच्या गावात, कुरवंड्यात, पंचांपुढे असंच असतं. आधी हात जोडून चूक कबूल करायची, मग सावकाश बसून भांडायचं. बिचारा भांडण सुरू व्हायची वाट बघत राहिला, आणि मॅजिस्ट्रेटने कबुली लिहून घेऊन निकालही देऊन टाकला!

धोंडाबाई आधी नवऱ्यावरच चिडली. मग डोंगर उतरून लोणावळ्याला आली, गाडीने वडगावला गेली आणि कोर्टाबाहेर बसणाऱ्या दस्तगीर अर्जनवीसापुढे उभी राहिली.

"बाई, मुदतीच्या आत पुण्याच्या सेशन कोर्टात अपील करावं लागेल," दस्तगीरने समजावलं. "निकालाची नक्कल मी काढून देतो. पण गुन्हा कबूल केलेल्याला अपिलात फक्त शिक्षा कमी मागता येते."

"कमी कशापायी? केलंच न्हाई त्यांनी! हात जोडलं म्हंजी कबुली व्हय? आमी तर पावन्याला जेवू घालूनबी चुकलं-माकलं म्हनतो."

दस्तगीरने टाक उचलला. "हेच लिहू," तो म्हणाला.

पुण्याच्या वकिलानेही तेच मांडलं. जज्जांनी शिक्षा रद्द केली, पण खटला नव्याने चालवायला वडगावला धाडला. कोंडाजी जामिनावर घरी आला आणि धोंडाबाईच्या जिवाला नवाच घोर लागला. हा माणूस पुन्हा हात जोडणार! तिने घरात तालीमच मांडली. वाटेत पाटील दिसून त्याचे हात वर गेले, की ही खेकसायची, "हात खाली!" सगळं गाव हसायचं. तिला मात्र धड झोप लागत नव्हती.

"गुन्हा कबूल आहे?" वडगावला मॅजिस्ट्रेटने विचारलं. कोंडाजीचे हात हलले. मागे धोंडाबाई उभी होती. हात अर्ध्यावर आले, आणि त्याने खाली नेऊन धोतर दोन्ही मुठींत गच्च धरलं.

"न्हाई, सायेब. म्या न्हाई केलं."

मग साक्षी झाल्या. वासे आणताना त्याला कुणीच पाहिलं नव्हतं. कोंडाजी सुटला.

गावात शिरताना दोघं वाघजाईच्या देवळापाशी थांबली. धोंडाबाईने नमस्कार केला. शेजारी बघते तर कोंडाजी तसाच ताठ उभा, धोतर मुठींत.

"अवं, हितं तरी जोडा की हात."

"जोडू?" त्याने घाबरून विचारलं. "काय हुनार न्हाई न्हवं?"

धोंडाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने त्याच्या मुठी आपल्या हातात घेतल्या आणि एकेक बोट सोडवू लागली.