अर्धा मिलिमीटर जास्त

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना होता. एका मोठ्या कंपनीला सुटे भाग करून देणं एवढंच आमचं काम. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या कंपनीने भाग घेणं बंद केलं आणि मालकांनी ठरवलं, आता स्वतःचं यंत्र काढायचं. भातासाठी लहान मळणीयंत्र. आपल्याकडची खाचरं लहान, वाटा अरुंद. दोघांनी उचलून बांधावरून नेता येईल असं यंत्र कोणी करत नव्हतं. विचार चुकीचा नव्हता, असं मी आजही म्हणेन.

ड्रॉइंग आणि कामाची आखणी माझ्याकडे होती. पहिलं यंत्र आमच्या जुन्या फिटरने एकट्याने केलं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ते सुरेख चाललं. घाटावरच्या एका व्यापाऱ्याला ते आवडलं. तो म्हणाला, "पाच तयार ठेवा. टोकावड्याला खळ्यावर चालवून बघतो. पटली तर पुढच्या हंगामाची सगळी यंत्रं तुमच्याकडून घेतो." ती ऑर्डर मिळाली तर कारखाना राहणार, नाही तर नाही, हे मालकांनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीत स्पष्ट सांगून टाकलं.

पाच यंत्रं एका हातून वेळेत झाली नसती, म्हणून काम वाटून दिलं. शाफ्ट टर्नरकडे, भात झोडणारा फिरता ड्रम वेल्डरकडे, चौकटी वाशिंदच्या एका वर्कशॉपकडे. सगळे भाग आल्यावर जोडायला घेतले, तर पाचांतलं एकही फिरेना. प्रत्येक ड्रम चौकटीत दोन्ही बाजूंनी चेपून बसला होता.

मी व्हर्निअर घेऊन एकेक भाग मोजला. एकेकटा बघितला तर बाद करावा असा एकही नव्हता. शाफ्टचा खांदा अर्धा मिलिमीटर लांब, ड्रम अर्धा मिलिमीटर रुंद, मधे घालायच्या चकत्या किंचित जाड, चौकट आतून किंचित अरुंद. चुका कमी-जास्त झाल्या असत्या तर एकमेकींत जिरल्या असत्या. इथे सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या.

"असं का ठेवलंस रे?" मी टर्नरला विचारलं.

"माल काढता येतो भाऊ, घालता येत नाय. थोडं हातचं ठेवलं. मिस्त्री घासून बसवतात की!"

वेल्डरचं उत्तर तेच. वाशिंदला फोन केला, तर तिकडूनही, "आतून कमीच ठेवलीय. म्हटलं, तुमी घासून मोठी करून घ्याल."

सगळ्यांनी जपूनच काम केलं होतं. कोणावर ओरडायचं?

शहापूरला घरी आलो. बायको तांदूळ काढत होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "त्यात काय एवढं? मी पण रोज वरची एक मूठ घालते. कोणी आलं तर?"

"तू एकटी घालतेस गो. आई, वहिनी आणि तू, तिघींनी एकमेकींना न सांगता घातली तर टोपात मावेल का?"

ती हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना म्हटलं, "चार दिवस मागून घ्या. सगळे भाग मापात आणून देतो."

"झोडणी संपत आली. चार दिवसांनी तो कशाला येतोय? मिस्त्री, घासा."

मिस्त्रीने कानस उचलली. "बसवतो मी. पन याचा ड्रम त्याला बसंल, असं कोनाला सांगू नका."

टोकावड्याला पाचही यंत्रं चालली. भात एका बाजूला, पेंढा दुसऱ्या बाजूला. खळ्याचा मालक ओरडला, "अरे, ह्याला पुरवायला आमीच कमी पडतोय!" आमचे मालक कित्येक महिन्यांनी मोकळे हसले. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकले, मान डोलावली आणि म्हणाला, "आता याचा ड्रम काढा आणि त्याला घाला."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं.

"चालतंय ना शेट?" आमचे मालक म्हणाले. "मग खोलायचं कशाला?"

"माझी गिऱ्हाइकं डोंगरातल्या वाड्यांवर. ड्रम मोडला तर मी दुकानातून दुसरा पाठवणार. तो बसवायला तुमचे मिस्त्री येणार का?"

नट खोलले. ड्रम निम्मा आत गेला आणि अडकला. मिस्त्रीने लाकडी हातोड्याने एकदा ठोकला, पुन्हा ठोकला. तिसऱ्यांदा हात उचलला आणि तसाच खाली घेतला. व्यापारी काही वाईट बोलला नाही. रस्त्यावरच्या ढाब्यावर त्याने आमच्याबरोबर चहा घेतला, पैसेही त्यानेच दिले आणि ऑर्डरचं नाव न काढता माळशेजकडे निघून गेला. मालक गार झालेला चहा हातात धरून बसून राहिले. आमच्याबरोबर आलेला टर्नर सारखा म्हणत होता, "मला एक शब्द सांगितला असता तर बरोब्बर मापात केलं असतं... भाऊ, एक शब्द." त्याला काय सांगणार होतो मी?

कारखान्याला कुलूप पुढे लागलं. पण मुरबाडहून शहापूरच्या एसटीत बसलो, तेव्हाच माझ्यापुरतं ते लागलं होतं.

घरी बायकोने माझं तोंड बघितलं. तांदूळ मापून टोपात घातले. सवयीने हात पुन्हा डब्यात गेला, मूठ भरली, थोडी थांबली आणि डब्यातच सुटली.

"घाल गो," मी म्हटलं. "कोणी आलं तर?"

"आता नको यायला कोणी," ती म्हणाली आणि झाकण लावलं.