अर्धलीची शेळी

काळजी करण्यात वरच्या वाडीवरच्या काकीचा हात धरील असं माणूस पोलादपूर तालुक्यात झालं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी महाडच्या एका संस्थेत गरिबी हटवायच्या नोकरीला लागलो, तेव्हा ती पन्नाशीची होती आणि चैत्रातल्या कोरड्या उन्हातही छत्री घेऊन फिरत होती. घरात मिठाच्या बरण्या दोन, आणि तिसरी शेजारणीच्या फळीवर. नाचणी तीन वेगवेगळ्या उतारांवर, चिमूट चिमूट. थोरला मुलगा महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, धाकटा मुंबईत. शिमग्याला दोघांनी एकाच एसटीनं यायचं नाही अशी सक्त ताकीद. मुंबईची गाडी महाडला थांबली की धाकटा खिडकीतून हात दाखवायचा आणि थोरला मुकाट्यानं मागच्या गाडीची वाट बघत राहायचा. मला ती ‘सर’ म्हणायची आणि त्याच वाक्यात ‘तू’ही म्हणायची.

पहिल्याच पाहणीत मी तिच्या गोठ्यातल्या सहा शेळ्या मोजल्या आणि वहीत ‘परिस्थिती बरी’ असं लिहून मोकळा झालो. त्यातली एकही तिची नव्हती. त्या बहिणीच्या, नणंदेच्या, विहिणीच्या. हिच्या स्वतःच्या शेळ्या त्यांच्याकडे, वरंधच्या बाजूच्या चार वाड्यांत. सगळा मामला अर्धलीनं, म्हणजे जो सांभाळील त्याला निम्मी करडं. वाडीत सगळ्यांचं असंच होतं. हा गोंधळ निस्तरायलाच आपला जन्म झाला आहे अशी माझी खात्री पटली. शाश्वत उपजीविकेचा पाच कोपऱ्यांचा रंगीत तक्ता मी पुण्याच्या शिबिरातून नुकताच आणला होता. त्याच्या जोरावर वाडीतल्या सहा घरांना मी आपापल्या शेळ्या परत आणायला लावल्या आणि सगळ्यांसाठी मिळून एक आदर्श गोठा उभा केला. वर पत्रा, खाली फळ्या, दारावर संस्थेचं नाव. संस्थेला पैसे देणारे पाहुणे बघायला येणार होते. त्यांना शेळ्या एका नजरेत दिसायला नकोत का?

काकीनं तक्ता सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला.

“सगळी एकाच पत्र्याखाली? मग झोप कशी लागंल रे, सर?”

अर्धा तास समजावल्यावर तिनं एक शेळी दिली, तीही मला वाईट वाटू नये म्हणून.

भाद्रपदात एका शेळीला ताप आला, तोंड आलं, हगवण लागली. पाचव्या दिवशी निम्मा गोठा आडवा. मी डॉक्टरांना आणायला डोंगर उतरत होतो, चढत होतो, पाहुण्यांना काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो आणि त्या वाक्यांची लाज वाटली की नवा हिशेब मांडत होतो: अडीनडीला विकायला आता या सहा घरांत काय राहिलं? लस आधीच टोचायला हवी होती, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी गोठ्यात संस्थेच्या नावाखेरीज काही उभं राहिलं नाही.

बायका शिव्या घालायला कधी येतात याची वाट बघत मी बाहेर दगडावर बसलो होतो. काकी एकटीच आली. पाऊस होता, तिच्या छत्रीला मी पहिल्यांदाच हसलो नाही.

“पळायचा इचार हाय ना तुझा?”

मी सरकून तिला दगडावर जागा करून दिली. ती उभीच राहिली.

“माझ्या हायत अजून. रोग सरला की घराला एकेक देते, अर्धलीनं. आणि एक पाट तुझ्या नावाची, ती माझ्याकडं ऱ्हाईल. म्हंजे तू येत ऱ्हाशील.”

दिवाळीनंतर, गोठा मोडून पत्रे वाटून झाल्यावर, तिनं सहा घरांत सहा शेळ्या नेऊन बांधल्या. माझी पाट, म्हणजे तेव्हा न व्यालेली कोवळी शेळी, तिच्या दारात. पुढे मी दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. दर शिमग्याला थोरल्याकरवी निरोप यायचा, सरांची शेळी व्याली. मी कधी जायचो. बऱ्याचदा पुढच्या वर्षावर ढकलायचो.

काही वर्षांनी थोरला महाडच्या स्टँडवर भेटला. आई गेली, म्हणाला. मग पिशवी खाली ठेवून:

“सर, तुमच्या तीन पाटी हायत. आईनं एका जागी नाय ठेवल्या, तीन वाड्यांवर हायत. बघायला तीनदा चढायला लागंल तुमाला.”

दोन वाड्या मी त्याच महिन्यात चढून आलो. तिसरी तेवढी ठेवून दिली आहे. तीही झाली की वर जायला निमित्त उरणार नाही, याची मला काळजी वाटते.