विहिरीच्या ग्रिपा

आमच्या कॉलेजात सूर्य शिकवायचा तर आधी पडदे ओढावे लागत. नाहीतर प्रोजेक्टरवर काही दिसत नसे. बाहेर नांदेडचं ऊन, आत अंधार, आणि त्या अंधारात आम्ही इलेक्ट्रिकलची शेवटच्या वर्षाची पोरं 'सौर ऊर्जा प्रणाली' हा विषय घोकत बसलेली. विषय मी निवडला तो सूर्यावरच्या प्रेमापोटी नव्हे. यात कोणी नापास होत नाही, असं वरच्या वर्गातल्या पोरांनी सांगितलं होतं. पहिल्याच तासाला कळलं की आपल्याकडे ऊन भरपूर आहे. ही बातमी मी शिरड शहापूरच्या आमच्या शेतात फुकट ऐकलेली होती.

प्रोजेक्टसाठी मी आमचीच विहीर घेतली. लांब जायला नको आणि फोटोला घरचीच माणसं.

ही विहीर सामाईक. बाबा आणि काका, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, यांची वाटणी झाली तेव्हा जमीन मोजता आली, बैलं वाटता आली, विहीर काही कापता आली नाही. म्हणून पाळी ठरली. एक दिवस आमचा, एक दिवस काकांचा. आणि पाळीत खोट येऊ नये म्हणून ग्रिपा. स्टार्टरच्या पेटीत फ्यूजच्या तीन पांढऱ्या चिनीमातीच्या ग्रिपा असतात. त्या काढून घेतल्या की मोटार मेली. ज्याची पाळी त्याच्या खिशात ग्रिपा. पाळी संपली की संध्याकाळी त्या रुमालात बांधून दुसऱ्याच्या घरी पोचवायच्या.

आता माणूस दारात आला म्हणजे चहा आलाच. वाटणीत एका बांधावरून असं काही बोलणं झालं होतं, की दोघा भावांनी त्यानंतर एकमेकांना कधी फोन केला नाही. पण ग्रिपांच्या चहाला बसले की पाऊस, भाव, गुडघे, सगळं निघायचं. आणखी एक नियम होता, कोणी न सांगता पाळलेला. विहिरीवर दोन पाइप, पाणी सोडायचे दोन कॉक. आपण आपल्या कॉकला हात लावायचा. दुसऱ्याच्या कॉकला जीव गेला तरी नाही.

मग आमची डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी येता येईना आणि त्याच सुमारास बाबांच्या नावावर सोलर पंप मंजूर झाला. बसवणारी माणसं आली त्या दिवशी पाळी काकांची होती. जुना स्टार्टर उतरवला तेव्हा ग्रिपा त्यांच्या खिशात होत्या, त्या तिथंच राहिल्या. कोणी मागितल्या नाहीत. पाळी मात्र पहिल्यासारखीच चालेल असं दोघांनी विहिरीच्या काठावर उभं राहून ठरवलं.

बसवणाऱ्याने पंप हातानं चालू-बंद करायच्या बटणावर ठेवला होता. मी इंजिनिअर. मला ते मागासलेलं वाटलं. मी तो ऑटोवर टाकला. ऊन आलं की आपोआप सुरू, विहीर तळाला गेली की आपोआप बंद, पाणी साठलं की पुन्हा सुरू. पेटीला कुलूप लावलं, कारण लेकरं हात घालतील. बाबांना आणि आईला बजावलं की ही डीसी वीज आहे, माणूस चिकटला तर सुटत नाही, आणि चालू पंपाचा कॉक बंद केला तर पाइप फुटेल. एवढं भ्या घालून मी कुलपाची चावी बॅगेत टाकली आणि प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला नांदेडला गेलो. दुसरी चावी? ती त्याच जुडग्यात.

ते वर्ष कमी पावसाचं होतं. विहिरीला झरे होते, पण सुस्त. आमच्या पाइपाखाली गहू, काकांच्या पाइपाखाली हळद. हळदीचे गड्डे भरायचे दिवस, शेवटची पाणी. ती चुकली तर जमिनीखाली बोटाएवढं काही सापडायचं नाही, आणि काकांचं वर्ष त्या हळदीवर होतं.

नेमकं तेव्हाच काका-काकूंना आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला लेकीकडे जावं लागलं. तिचं बाळंतपण अडलं होतं. जाताना काका बाबांना सांगून गेले, माझ्या पाळीला विहीर भरू द्या, आल्यावर हळदीला एकदम देतो. बाबांनी मान हलवली. आपल्याकडे पाळी अशीच राखतात. ग्रिपा नेल्या म्हणजे विहिरीला कुलूप.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि पंप सुरू झाला. बाबांचा कॉक उघडा होता. काकांचं पाणी आमच्या गव्हात चाललं.

बाबांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात पाठांतर करत होतो. "अरे, तुझं यंत्र बंद व्हईना. पाणी काकाच्या पाळीचं चाललंय."

मी म्हणालो, पॅनलवर काहीतरी टाका, ऊन बंद तर मोटार बंद. वैज्ञानिकदृष्ट्या बिनचूक सल्ला. बाबांनी हळद वाळवायची ताडपत्री वर टाकली. वारं सुटलं. आई एक कोपरा धरून बसली, बाबा दुसरा. ती धरून बसायची तोवर पंप गप्प, ती भाकरी टाकायला उठली की पुन्हा घरघर. शेवटी ताडपत्री बाभळीच्या कुंपणात जाऊन फाटली.

काकांचा कॉक उघडला असता तर पाणी हळदीत गेलं असतं. तो बाबांपासून चार पावलांवर होता. बाबांनी त्याला हात लावला नाही. काकांना फोन करून विचारलंही नाही. फोनची सवयच नव्हती दोघांना, आणि चहाला नेण्यासारखं हातात काही उरलं नव्हतं.

तिकडे बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, तुझ्या प्रणालीचा मुख्य फायदा काय? मी छाती काढून सांगितलं, "सर, माणसाची गरज उरत नाही." सर खूश झाले. मार्क चांगले पडले.

परीक्षा आटोपेपर्यंत चार दिवस गेले. चावी घेऊन मी घरी पोचलो आणि त्याच दुपारी काका गोरेगावहून आले. लेक वाचली होती, बाळ वाचलं नव्हतं. काका घरी न जाता थेट शेतात आले. विहिरीत वाकून पाहिलं. तळाला गाळ. आमच्या गव्हात पाणी तुंबून पिवळेपणा आलेला. पलीकडे हळदीची पानं खाली लोंबलेली. काकांनी खिशातून ग्रिपा काढल्या, तळहातावर ठेवल्या.

"दादा, ग्रिपा तर माझ्याजवळ व्हत्या."

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "या पोरानं..."

"पोराला काहून मधी घेता?"

मग मी समजावून सांगायला लागलो. ऑटो म्हणजे काय, पंपाला पाण्याची पातळी कशी कळते. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तोंडी परीक्षेतही माझं कोणी इतकं ऐकलं नव्हतं.

"म्हंजे तुमच्या अंगावर दोष न्हाई, यंत्राच्या अंगावर बी न्हाई," ते म्हणाले. "मग माझं पाणी नेलं कुणी?"

ते गेले. बाबा संध्याकाळपर्यंत काठावर बसून होते.

हळद निघाली तेव्हा मी खणायला गेलो होतो. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. गड्डे सुतळीसारखे. काकू ते टोपलीत टाकत होती, एकदाही माझ्याकडे न बघता. पुढच्या हंगामात काकांनी हळद लावली नाही. सोयाबीन पेरलं, ते पावसावर येईल तेवढं आलं, आणि त्यानंतर रान तसंच पडून राहिलं. पाळीला ते फिरकले नाहीत.

मी पंपाला नवा स्विच बसवला. चावी फिरवल्याशिवाय तो चालू होत नाही. ऑटो कायमचा काढून टाकला. या कामाला मला कोणी मार्क दिले नाहीत, पण माझ्या हातून नीट झालेलं ते पहिलंच काम. चावी रुमालात बांधून मी काकांच्या घरी गेलो. काका ओसरीत बसले होते. मी रुमाल पुढे ठेवला. चहाचं कोणी काढलं नाही.

भिंतीतल्या देवळीत त्या तीन ग्रिपा होत्या, पुसून ठेवलेल्या. मी एक उचलली आणि म्हणालो, काका, हिचा आता काय उपयोग, डीपीचा खांबसुद्धा काढून नेला.

"ठिव तिथंच," काका म्हणाले. "पाळी माझीच हाय अजून."

मी ठेवली. चावी त्यांनी घेतली नाही, ती रुमालासकट माझ्या खिशात परत आली. आता ती आमच्या दारामागच्या खिळ्याला असते. काकांच्या पाळीला बाबा तिला हात लावत नाहीत, आमचं रान कितीही सुकलेलं असलं तरी. त्या दिवशी ऊन पॅनलवर नुसतं पडून राहतं आणि विहीर कोणासाठीच भरत नसल्यासारखी भरत राहते.