सुई न टाकणाऱ्या तुळसाक्का

तुळसाक्का तोंडात टाचण्या धरून बोलत. ओठांच्या एका कोपऱ्यात टाचण्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून अखंड बडबड. कुवेंपुनगरात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला आले, तेव्हा ब्लाउजचं माप घेता घेता त्यांनी माझं गाव, नोकरी, लग्न का नाही, सगळं काढून घेतलं. त्यांच्या घराण्याने कित्येक पिढ्या म्हैसुरात काढलेल्या. ते कानडीत मुरलेलं मराठी ऐकून मी पुण्याची पोरगी सुरुवातीला नुसती मान डोलवायची. ‘सुम्ने’ म्हणजे उगीच, हे मला फार उशिरा कळलं.

हाडं ठिसूळ झाली म्हणून त्या काही वर्षं गोळ्या घेत होत्या. त्यातच एक दाढ काढली आणि ती जागा भरूनच येईना. हिरडीतून हाड दिसू लागलं, तोंडाला वास येऊ लागला. तुळसाक्का तोंडावर पदर धरून बसू लागल्या. गिऱ्हाईक आलं की मुकाट्याने माप घेत. बोलणं गेलं तर या बाईचं उरणार काय, अशी मला खरंच भीती वाटली. काय होतंय म्हणून विचारलं, तर पदराआडून म्हणाल्या, “दवडे गेलं गं माझं.” काहीतरी दवडलं, हरवलं, असं समजून मी शिलाई मशीनखाली वाकून शोधू लागले. कानडीत दवडे म्हणजे जबडा. त्या दिवशी त्या पुष्कळ दिवसांनी हसल्या, पदर न सोडता.

दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या गोळ्यांमुळेच जबड्याचं हाड मेलंय. गोळ्या बंद करून हाड वाढवणाऱ्या हार्मोनचं इंजेक्शन रोज घेऊन बघू, काहींना गुण येतो. नाही आला, तर जबड्याचा तुकडा कापावा लागेल. हार्मोन म्हटल्यावर तुळसाक्का बिथरल्या.

“या वयात हार्मोन? मिशा फुटल्या म्हणजे?”

तसलं हे नव्हे, हे पटवताना डॉक्टरांना हसू आवरेना.

टोचायला मात्र कुणी लागलं नाही. फ्रिजमधलं इंजेक्शनचं पेन काढायचं, मांडीत टोचायचं, परत शिवायला बसायचं. एकदा सहज पाहिलं तर इंजेक्शनची सुई टाचण्यांच्या उशीत खोचलेली. डॉक्टरांनी दर वेळी नवी सुई लावायला बजावलं होतं. मी रागावले.

“बोथट झाल्याशिवाय सुई टाकायची नाही मा, आमच्यात,” त्या शांतपणे म्हणाल्या.

सुईतून जंतू आत गेले तर जबडा कापतील, असं मी सुनावलं, तेव्हा कुठे ऐकलं. तरी धडधाकट सुई टाकताना रोज त्यांचा जीव वर-खाली व्हायचा.

काही महिन्यांनी मेलेल्या हाडाची कपची आपसूक सुटून आली आणि हिरडी हळूहळू भरली. जबडा वाचला. मग काय, दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत प्रत्येकाला उजेडात उभं करून त्या आ करून दाखवू लागल्या. मला म्हणाल्या, “बघ, शिवण दिसतंय का?” माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढे मी पुण्याला परतले. मागच्या वर्षी तुळसाक्का गेल्या, हृदयाच्या दुखण्याने. मी त्यांच्या सुनेला फोन केला, फार त्रास झाला का म्हणून विचारलं. ती म्हणाली, “छे, दुपारभर दवाखान्यातल्या नर्सला तिच्या ब्लाउजची बाही कुठे चुकलीय ते सांगत होत्या. सांगून झालं, मग डोळे मिटले.”